सुतकाच्या घरी जाताना

दरवर्षी २६ नोव्हेंबरच्या आसपास तालुक्यातल्या एखाद्या तरुण शिक्षकाचा फोन येतो. संविधान दिन आणि मुंबई हल्ल्याची श्रद्धांजली एकाच दिवशी, एकाच परिपाठात बसवायची असते. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे यांच्यावर मुलांची भाषणं पाठ असतात. अडतं ते नरिमन हाऊसपाशी. "सर, त्या ज्यू लोकांबद्दल काय सांगू? पाच मिनिटं आहेत."

प्रश्न रास्त आहे. कसारा लोकलने खर्डी सोडली की उंबरमाळी, मग कसारा, मग घाट. या पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी, थोडी मुसलमान घरं. ज्यू एकही नाही. मला या विषयावर बोलावंसं वाटतं ते डी.एड. करताना ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका बेने इस्रायली कुटुंबाकडे खोली घेऊन राहिलो म्हणून. काका रेल्वेत होते, काकू घर सांभाळायच्या आणि माझ्यावर नजर ठेवायच्या. पुढे मी गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, पण जाणंयेणं तुटलं नाही. २००८नंतर मला जे थोडंफार उमगलं ते इथे मांडतो. क्रम महत्त्वाचा नाही, आकडे फक्त सोयीसाठी.

१. ओळख हल्ल्याच्या आधीची असली तर बरं

आमच्या गावाला ठाण्याचं सिनेगॉग ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी स्वतः त्याच्या शेजारून कितीदा गेलो असेन, पण आत काय आहे हे विचारलं नव्हतं. शार हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार, हे १८७९चं. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीला माणसांचा पूर येतो, तो याच भागातून जातो आणि दोन्हीकडच्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही.

काकूंच्या दाराच्या चौकटीला उजवीकडे एक लहानशी तिरपी नळी ठोकलेली होती. घरात शिरताना सगळे तिला बोटं लावून ओठांना लावत. मेझुझा म्हणतात तिला, आत चामड्याच्या पट्टीवर धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली असतात. आमच्याकडे उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतात, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. काकूंना नऊवारी नेसता यायची, त्या मराठीतच भांडायच्या, मराठीतच देवाचं म्हणायच्या. कुटुंबाचं मूळ गाव अलिबागजवळ. आडनावं तशीच: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर. गावाच्या नावापुढे 'कर' लावून ही माणसं कोकणातलीच झाली.

त्यांची आख्यायिका अशी की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं गावकऱ्यांच्या मदतीने तिथेच पुरली. नवगावला त्याचं स्मारक आहे. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीवर किती टिकते ते अभ्यासक बघतील. मला तिच्यातली एक बाब आवडते: गावाने त्यांना धंद्यावरून आणि सुट्टीच्या वारावरून ओळखलं, आणि तेवढ्यावर शतकं निभावली.

जूनच्या तोंडाला मी गावाहून शेवळं न्यायचो. सोबत काकडं असायचीच, नाहीतर घसा खाजतो. काकू ती खिम्यात घालायच्या. ठाण्यातल्या बाकीच्या घरांत शेवळात कोळंबी पडे, यांच्याकडे कोळंबी उंबऱ्याच्या आत येत नसे, कारण खवले नसलेला जलचर त्यांना वर्ज्य. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधाचा. नवस फेडायला, लग्नाआधी, घर घेतलं की मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव. मी तो प्रसाद म्हणून खाल्ला आणि काकूंनीही तो प्रसाद म्हणूनच वाढला.

हे सगळं सांगायचं कारण, हल्ल्यानंतर टीव्हीवर 'ज्यू' हा शब्द आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शेवळाचं पातेलं आलं. माझ्या बरोबरच्या शिक्षकांच्या डोळ्यांपुढे काहीच आलं नाही. तो त्यांचा दोष नव्हता. पण त्या आठवड्यात काय करायचं हे मला लगेच कळलं आणि त्यांना कळलं नाही, एवढा फरक त्यामुळे पडला.

२. 'पाहुणे' म्हणून बाजूला काढू नका

२६ नोव्हेंबर २००८ बुधवार होता. आमच्या भागातली माणसं रोज सीएसटीपर्यंत जातात, त्यामुळे गावाला पहिली काळजी तिथली. कोण किती वाजताच्या गाडीत होतं, कुणाचा फोन लागत नाही, याच्यातच रात्र गेली. कुलाब्यात हॉर्मसजी स्ट्रीटवर एका पाच मजली इमारतीत काय चाललंय हे दुसऱ्या दिवशी टीव्हीवर कळलं, तेही ताज आणि ओबेरॉयच्या मधूनमधून.

त्या इमारतीत, म्हणजे नरिमन हाऊसमध्ये, खाबाद या ज्यू पंथाचं केंद्र होतं. तिथले रब्बी गॅव्ह्रिएल होल्त्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का २००३ पासून मुंबईत होते. प्रवासात असलेल्या कुणाही ज्यू माणसाला तिथे जेवण, शुक्रवार संध्याकाळची प्रार्थना, झोपायला जागा मिळे. दोन अतिरेकी तिथे शिरले. होल्त्झबर्ग दांपत्य, रब्बी लेइबिश टायटेलबाऊम, बेंझियॉन क्रुमान, योखेवेद ओर्पाझ आणि नोर्मा श्वार्त्सब्लाट राबिनोविच अशी सहा ज्यू माणसं मारली गेली. मुंबईत त्या हल्ल्यात एकूण १६६ माणसं गेली. स्टेशनवर गोळी समोर येईल त्याला लागली. नरिमन हाऊस मात्र आधीच हेरून निवडलेलं होतं. मुंबईच्या नकाशावर त्या गल्लीला दुसरं काही महत्त्व नव्हतं, आत ज्यू असतात हेच तिथे जाण्याचं कारण.

त्या दिवसांत मी सतत ऐकलेलं वाक्य: "बिचारे परदेशी पाहुणे." बोलणाऱ्याच्या मनात कळवळाच होता. पण ठाण्यात काकूंना शेजारणी विचारत होत्या, "तुमच्यातली होती का हो ती माणसं?" काकूंनी मला नंतर सांगितलं, त्यांनी उत्तर दिलं, "आमचीच. नात्यातली नव्हती."

या उत्तरात दोन गोष्टी होत्या आणि मला त्या वेगळ्या करायला वेळ लागला. खाबादचे लोक आणि कोकणातले बेने इस्रायली यांचे रीतिरिवाज, भाषा, पोशाख काही जुळत नाही. काकू कधी नरिमन हाऊसला गेल्या नव्हत्या. पण ज्या कारणासाठी ती सहा माणसं मारली गेली ते कारण काकूंच्या दाराच्या चौकटीवर ठोकलेलं होतं. पाहुणे म्हटलं की आपण शोक करून मोकळे होतो. काकू मोकळ्या होऊ शकत नव्हत्या. त्यांना उद्याही त्याच घरात राहायचं होतं.

३. आधी दार गाठा, भाषण नंतर

हल्ल्यानंतरच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी काकूंकडे गेलो. रविवार निवडला तो सुट्टी म्हणून, पण शनिवारी गेलो नाही हेही बरंच झालं. शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत शब्बाथ असतो. त्या वेळात फोन, फोटो, शिजवणं, खरेदी हे धार्मिक घरात चालत नाही. भेटायला जाणारा माणूस मोबाईल हातात धरून उभा राहिला तर घरच्यांची पंचाईत होते.

बरोबर काय न्यायचं? आमच्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी करून आणतात. ज्यूंकडेही पुरल्यानंतर सात दिवस घरचे बसून राहतात, त्याला शिवा म्हणतात, आणि जेवण बाहेरून येतं. रीत इतकी जवळची आहे की फसायला होतं: आपल्या भांड्यात शिजवलेलं त्यांना चालेलच असं नाही. न चिरलेली फळं न्यावीत. मी केळी आणि आवळे नेले होते. काकूंच्या घरात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे खरा शिवा नव्हता. पण घर सुतकीच होतं, हे पायरीवरच जाणवलं.

ज्यूंची आणखी एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. दुखवट्याला गेलेल्याने आधी बोलू नये. घरचा माणूस बोलला की मग बोलावं, नाही बोलला तर बसून राहावं. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो ते काय बोलावं सुचेना म्हणून. काकू शेवटी म्हणाल्या, "काय गुरुजी, गाडी वेळेवर होती का?" आणि तिथून पुढे त्या बोलत राहिल्या, बहुतेक सगळं माझ्या मुलांबद्दल आणि गावच्या भाताबद्दल.

दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, फोर्टमधल्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये होल्त्झबर्ग दांपत्यासाठी प्रार्थनासभा झाली. हे सिनेगॉग ससून घराण्याने १८८४ मध्ये बांधलेलं, काळा घोड्याजवळ. त्या सभेतला त्यांच्या छोट्या मुलाचा, मोशेचा, आक्रोश टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. पुढे कधीतरी काकांनी मला ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये नेलं. आत जाताना डोकं झाकावं लागतं. दारात पाहुण्यांसाठी टोप्या ठेवलेल्या असतात, मला ती घ्यावी लागली नाही. गावाकडून आलेल्या माणसाच्या डोक्यावर गांधी टोपी असते. काकांना याचं फार कौतुक वाटलं आणि त्यांनी ते भेटेल त्याला सांगितलं.

४. वाचवणारा बहुधा घरात काम करणारा असतो

मोशे तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. त्याला बाहेर काढलं ते सँड्रा सॅम्युएल या त्याला सांभाळणाऱ्या बाईने. ती आणि काझी झाकीर हुसेन हा तिथलाच कामगार, दोघे रात्रभर एका खोलीत दडून होते. सकाळी पोराचं रडणं ऐकून ती वर गेली, आईबापांच्या निष्प्राण देहांजवळ बसलेल्या पोराला उचललं आणि दोघं बाहेर धावली. ती नंतर मोशेबरोबर इस्रायलला गेली, २०१० मध्ये तिला तिथलं मानद नागरिकत्व मिळालं. मोशे २०१८ च्या जानेवारीत त्या इमारतीत परत आला.

राष्ट्रीय सुरक्षा दलाचे हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट त्या इमारतीवर उतरले आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आजूबाजूच्या इमारतींमधली रहिवासी माणसंही गोळ्या लागून मेली, त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही. मुलांना सांगताना मी तिन्ही गोष्टी एका दमात सांगतो.

५. महागात पडणारी सोबत

मला विचाराल तर २००८ मधली सगळ्यात मोठी सोबत मेणबत्त्यांच्या मोर्च्यात नव्हती. ती मरिन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी दाखवली. नऊ मेलेल्या अतिरेक्यांना पुरायला मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने जागा नाकारली. असं करणारे मुसलमान असूच शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. इतर मुस्लिम संस्थांनीही साथ दिली. डिसेंबरमध्ये बकरी ईद आली तेव्हा अनेकांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या.

मयताला माती देणं हे मुसलमानांत समाजाचं सामायिक कर्तव्य मानलं जातं. ते नाकारणं म्हणजे केवढं, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे वैऱ्याच्याही तिरडीला खांदा देतात. प्रेतं जे.जे.च्या शवागारात वर्षाहून जास्त राहिली आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुपचूप पुरली, हे एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटलांनी सांगितलं तेव्हा कळलं. जागा नाकारण्याच्या निर्णयावर मुसलमानांतही मतभेद होते. मेलेल्याशी वैर कसलं, असं म्हणणारे जाणते लोक होते, आणि त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही. तरीही काकांनी मला जागा नाकारल्याच्या बातमीचं कात्रण दाखवलं होतं. ते त्यांनी शिलाई मशिनच्या खणात जपून ठेवलं होतं.

६. दुसऱ्याच्या सुतकात आपली पोळी भाजू नका

यावर जरा लांबण लावतो.

हल्ल्यानंतर लोकलच्या डब्यात अचानक ज्यूंबद्दल प्रेम दाटून आलं. ज्यांनी आयुष्यात ज्यू पाहिला नव्हता ते "इस्रायलसारखं करायला पाहिजे" म्हणू लागले. दोन वाक्यांत गाडी ज्यूंवरून उतरून मुसलमानांवर यायची आणि तिथेच कसाऱ्यापर्यंत राहायची. नरिमन हाऊसमध्ये गेलेल्यांपैकी एकाचंही नाव त्या डब्यात कुणाला सांगता आलं नसतं.

तसंच २०२३च्या डिसेंबरात झालं. एनआयएने भिवंडी तालुक्यातल्या पडघा-बोरिवलीत धाडी घातल्या. हे गाव आमच्या महामार्गावर, शहापूरच्या अलीकडे. आरोप गंभीर आहेत, न्यायालय काय ते ठरवेल. पण पडघ्याचा दूधवाला, पडघ्याचा गॅरेजवाला, पडघ्याची नवरी, सगळ्यांकडे लोक मान तिरकी करून बघू लागले. ज्या महिन्यात हे चाललं होतं त्याच महिन्याच्या शेवटी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये बॉम्ब ठेवल्याचा ई-मेल आला. पोलिसांनी कानाकोपरा शोधला, काही सापडलं नाही. ज्यांची मान पडघ्याकडे वळली होती त्यांच्यातला एकही टेंभी नाक्यावर विचारपूस करायला गेल्याचं मला ठाऊक नाही.

माझगावला सर एली कदूरी हायस्कूल आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये बेने इस्रायली मुलांसाठी सुरू केलेली शाळा, पुढे तिला कदूरी या बगदादी ज्यू दात्याचं नाव मिळालं. समाजातली बहुतेक माणसं इस्रायलला गेली, पटावरची नावं बदलली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत आणि शाळा चालू आहे. मी शिक्षक, त्यामुळे मला हजेरीपटातलं जास्त कळतं. ज्यूंची बाजू घ्यायला मुसलमानाचा राग हवाच, असं ज्याला वाटतं त्याला मी माझगावला जाऊन यायला सांगतो.

७. आपल्या शाळेतला हिटलर

आमच्या तालुक्यात प्रत्येक पिढीत एक कडक मुख्याध्यापक 'हिटलर' म्हणून ओळखला जातो. त्यात अर्धं कौतुक असतं. बसस्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर स्पर्धा परीक्षांच्या गाइडशेजारी हिटलरचं आत्मचरित्र मराठीत मिळतं आणि खपतं. पोरं ते 'मोटिव्हेशन' म्हणून घेतात. त्यांना साठ लाख ज्यूंचा आकडा पाठ असतो, कारण तो परीक्षेत येतो.

२००६च्या ऑगस्टमध्ये खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचं उपाहारगृह उघडलं होतं, आत हिटलरचं चित्र. लक्ष वेधून घ्यायला नाव ठेवलं, असं मालकाचं म्हणणं. मुंबई-ठाण्याच्या ज्यूंनी जाऊन समजावलं आणि नाव बदललं गेलं. त्यांना जावं लागलं, आधी शेजाऱ्यांपैकी कुणाला खटकलं नाही, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं. ज्यूद्वेष आपल्याकडे नाही म्हणतात ते बरंचसं खरं आहे. पण ज्या नावाने काकूंच्या धर्माची माणसं गॅसच्या खोल्यांत कोंडली गेली ते नाव आपण खाणावळीला आणि मास्तरला देतो, आणि त्यात काही वावगं आहे हे आपल्याला दुसऱ्याने सांगावं लागतं. मी शाळेत असेपर्यंत हे टोपणनाव माझ्यापुढे कुणी वापरलं तर थांबवत असे. मुलं हसायची. हसू देत.

८. ठाण्याच्या माणसाकडे गाझाचा हिशेब मागू नका

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये शिरून सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे झालं त्यात मेलेल्यांत हजारो लहान मुलं आहेत. मला त्या मुलांचं दुःख आहे आणि मी ते लपवत नाही. काकूंच्या मुलीकडे बसलो असतानाही लपवलं नाही. काकू आता नाहीत. मुलीचे चुलतभाऊ इस्रायलमध्ये आहेत, सायरन वाजला की ते तळघरात पळतात, आणि तिचा फोन सतत हातात असतो.

तिने मला विचारलं नाही की मी कुठल्या बाजूचा. मीही तिला सरकारच्या धोरणावर प्रश्न केला नाही. शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मात्र जिन्यात अडवून विचारलं होतं, "तुमचे लोक हे काय करतायत?" तिने आयुष्यभर ठाणे महापालिकेला घरपट्टी भरली आहे. मतदान ठाण्यात केलं आहे. ज्या सरकारला तिने कधी निवडलं नाही त्याचा जबाब तिने जिन्यात का द्यावा? सरकारवर टीका करायला वर्तमानपत्रं आहेत, सभा आहेत, मोर्चे आहेत. जिना ही त्याची जागा नाही.

९. 'आमच्याकडे कधीच छळ झाला नाही'

हे वाक्य भाषणात हमखास येतं. बेने इस्रायली स्वतःही ते म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून ते शोभतं. आपण म्हणताना थोडं दमानं घ्यावं. गोव्यात १५६० मध्ये पोर्तुगिजांनी इन्क्विझिशन आणलं. गार्सिया द ओर्ता हा वैद्य मूळचा ज्यू, वरून ख्रिस्ती झालेला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर त्याने १५६३ मध्ये गोव्यात ग्रंथ छापला. तो मेल्यावर त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ठाणं १७३७ पर्यंत त्याच पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं. छळ करणारे आपण नव्हतो, एवढंच खरं.

आणि छळ झाला नाही म्हणून आपण त्यांची दखल घेतली असंही नाही. कामा रुग्णालयात २६/११ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ते रुग्णालय १९२८ ते १९४७ डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायली बाईंनी चालवलं, हे किती जणांना? सिनेमातले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आडनावाने मूळ चौलचे. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

घरातल्यांनीही त्यांना सुखाने घेतलं असं समजू नका. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या ज्यूपणावर तिथल्या धर्मपीठाने १९६२ मध्ये शंका घेतली, लग्नाआधी वंश तपासायला सांगितलं. आंदोलनं झाली, १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. काकूंच्या दिराचं लग्न या भानगडीत रखडलं होतं. त्यावर बोलताना काकूंची जीभ जी धारदार व्हायची ती कुठल्याही अतिरेक्यावर बोलताना झाली नाही.

१०. ज्यू नसलेल्या गावाने काय करावं

थोडंच. अमेरिकेत बिलिंग्ज नावाच्या गावात १९९३ मध्ये एका ज्यू घराच्या खिडकीत सणाचा दीपवृक्ष बघून कुणीतरी दगड मारला. तिथल्या वर्तमानपत्राने पानभर दीपवृक्षाचं चित्र छापलं आणि हजारो ख्रिस्ती घरांनी ते खिडक्यांना चिकटवलं, म्हणजे कुठलं घर ज्यू हे दगडाला कळू नये. ऑस्लोमध्ये २०१५ला हजारभर माणसांनी हात धरून सिनेगॉगभोवती कडं केलं, पुढाकार मुसलमान तरुणांचा होता. दोन्ही ठिकाणी ज्यू शेजारी होते. उंबरमाळीच्या खिडकीत दीपवृक्ष लावून कुणाला काय कळणार?

मी फोन करणाऱ्या शिक्षकाला इतकंच सुचवतो. श्रद्धांजलीच्या यादीत नरिमन हाऊसची सहा नावं घाला, उच्चार अवघड आहेत म्हणून गाळू नका, आदल्या दिवशी मुलाकडून घोकून घ्या. आणि सहावी-सातवीची मुलं घेऊन ठाण्याला जा. कसाऱ्याहून सकाळची गाडी पकडली तर दुपारच्या जेवणापर्यंत परत निघता येतं. स्टेशनपासून टेंभी नाका मुलांना चालत जमतो. आधी फोन करून परवानगी घ्या. २००८ पासून सिनेगॉगच्या दारात ओळखपत्र मागतात, पिशव्या तपासतात, पोलीस उभा असतो. त्याचा राग मानू नका, मुलांना कारण सांगा. शुक्रवार दुपारनंतर आणि शनिवारी जाऊ नका, त्यांच्या सणांच्या तारखा विचारून घ्या. मुलांनी टोप्या आणाव्यात, शाळेच्या कवायतीच्या चालतील. आत गेल्यावर पेटीतल्या हाताने लिहिलेल्या तोरा या धर्मग्रंथाबद्दल विचारा, दाखवण्याजोगा दिवस असेल तर दाखवतात. मंडळी गप्पिष्ट आहेत. एखादे आजोबा मुलांना गाव कुठलं म्हणून विचारतील आणि मग स्वतःचं सांगतील, ते बहुधा रायगडातलं असेल. खाऊ न्यायचाच असेल तर करवंदं न्या, मे महिना असेल तर. पानांच्या द्रोणात.